रिकंबंट सायकलवर खाऊ, पाणी आणि सामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिकंबंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे ताणून चालवायची सायकल. ती दोन चाकी असते किंवा तीन चाकी ट्राइक. आपल्याकडे ती रस्त्यावर अजून क्वचितच दिसते. त्यामुळे ज्याने नुकतीच घेतली त्याला विचारायला आजूबाजूला कोणी नसतं, आणि बॅगांबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. पुण्या-नाशकातून येतात तसे नेदरलँड्स-जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींकडूनही येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे शेवटी. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे जुन्या सायकलच्या चांगल्या बॅगा पडून आहेत. त्या रिकंबंटवर का बसत नाहीत?

त्या ज्या जागांसाठी शिवल्यात त्या जागाच इथे नाहीत म्हणून. वरचा आडवा दांडा नाही, म्हणून दांड्यावरची बॅग बाद. सीटपोस्ट नाही, म्हणून सॅडलबॅग बाद. फ्रेमला त्रिकोण नाही, म्हणून मधली बॅगही बाद. हँडल असतं, पण त्याला पुढे डबा लटकवला की गुडघे त्यावर आपटतात किंवा समोरचा रस्ता झाकला जातो. हँडल सीटखाली असेल तर प्रश्नच मिटला.

मागच्या कॅरियरवर अडकवायचे पॅनियर तेवढे बहुतेक वेळा चालतात (प्रश्न ९).

२. मग जर्सीच्या मागच्या खिशात ठेवलं तर?

केळं ठेवून बघा, तासाभरात शिकरण मिळेल. तुमची पाठ पूर्णवेळ सीटला टेकलेली असते, तिथे हातही जात नाही. पुढून खिसे असलेलं हलकं जाकीट मात्र चालतं. जुन्या जर्सीचे मागचे खिसे उसवून पुढे, बरगडीच्या खाली शिवून घेणारेही आहेत आणि ते काम कुठलाही शिंपी करून देतो.

३. चालवता चालवता हात कुठवर पोचतो हे कसं ठरवायचं?

बॅग विकत घेण्याआधी हे करून बघा. दुचाकी असेल तर भिंतीला टेकवा, ट्राइक असेल तर पार्किंग ब्रेक लावा. बूट, हेल्मेट, हातमोजे घालून नेहमीसारखे बसा आणि डोळे मिटा. एक हात हँडलवर ठेवा, दुसरा सैल सोडा. तो आपोआप जिथे पडतो ती जागा खाऊची. तिथून, खांदा सीटवरून न सोडता, बोटं जिथवर जातात तिथवर चालत्या सायकलवर लागणारी बाकीची चीजवस्तू. खांदा उचलावा लागला की ती जागा थांबल्यावर वापरायची. दोन चाकी रिकंबंटवर धड जरा जरी वळलं तरी सायकल त्या बाजूला जाते, आणि नेमकं तेव्हा तुम्ही खाली बघत असता.

डोळे मिटायला सांगतो ते उगाच नाही. साध्या सायकलवर मान खाली घातली की बॅग दिसते. इथे सीटच्या कडेची बॅग बघायची तर मान पार बाजूला वळवावी लागते. जे न बघता सापडतं तेच हाताशी आहे, असं धरून चाला.

हँडल कुठे आहे यावर पुढचं बरंच काही ठरतं. सीटखालचं हँडल असेल तर हात आधीच कुल्ह्यांच्या बाजूला असतात आणि सीटची कड वीतभरावर असते. छातीसमोरचं हँडल असेल तर तीच कड लांब पडते, पण पोट आणि छाती जवळ येते.

४. खाऊची बॅग नेमकी कुठे आणि कशी लावू?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं एकच एक उत्तर नाही.

हँडल सीटखाली असेल (बऱ्याच ट्राइकवर हात कडेलाच असतात) तर सीटच्या चौकटीला मांडीच्या बाजूने लावलेली, वर तोंड असलेली उभी पिशवी उत्तम. इंग्लंडात कॉर्नवॉलमधली आयसीई किंवा जर्मनीतली एचपी वेलोटेक्निक अशा कंपन्या आपापल्या सीटला बसतील अशा छोट्या बॅगा विकतात. तशी पिशवी इथेही शिवून होते (प्रश्न १२).

हँडल छातीसमोर असेल तर माझं मत सरळ आहे: कमरेची बॅग पुढे, पोटावर घाला. सांगितलं की लोक हसतात, पण मागे रेललेल्या माणसाच्या पोटावर ठेवलेली वस्तू हलत नाही. दोन्ही हातांना ती सारखीच जवळ असते, आणि चहाला उतरलात की पैसे, फोन, चाव्या आपोआप बरोबर येतात. बॅग पातळ हवी. पॅडल सीटपेक्षा उंचावर असतील तर प्रत्येक फेरीत मांडी वर येते आणि जाड बॅगेला घासते. एप्रिल-मे महिन्यात पोटावर घामाचा पट्टा उमटतो, त्याला इलाज नाही.

जागेइतकंच तोंडही महत्त्वाचं. एका हाताने झिप ओढायची तर बॅगेचं दुसरं टोक कशाला तरी पक्कं बांधलेलं हवं, नाहीतर झिपबरोबर अख्खी बॅगच सरकत येते. झिपच्या कडीला जाड दोरीचा फास बांधा, मोजा घातलेला अंगठा आत जाईल एवढा. झिप पुढे ओढली की बंद होईल अशी बसवा. मागे ढकलत बंद करायची झिप अर्ध्यात अडकते, आपण ती तशीच सोडतो आणि पुढच्या स्पीड ब्रेकरला चिक्की रस्त्यावर जाते. नाडीने आवळायचं तोंड झिपपेक्षा सोपं. वेल्क्रो सुरुवातीला छान वाटतो, पण धुळीने महिनाभरात त्याची पकड जाते.

पिशवीचं तोंड आपसूक उघडं राहावं म्हणून आत कडक पट्टी घाला. मऊ पिशवी मिटते, आणि मिटलेल्या पिशवीत एका हाताची बोटं शिरत नाहीत. कागद, साली, रिकामी पाकिटं यांच्यासाठी शेजारी वेगळा कप्पा ठेवा. चिकट कागद आणि उरलेला खाऊ एकत्र झाला की न बघता काहीच सापडत नाही.

५. पाणी बाटलीत न्यावं की नळीच्या पिशवीत?

दोन्ही, वेगवेगळ्या कामाला.

साधं पाणी नळीच्या पिशवीत. दोन-तीन लिटरची पिशवी सीटमागे अडकवा, नळी खांद्यावरून पुढे आणा आणि तिचं तोंड जाकिटाच्या कॉलरला चिमट्याने किंवा चुंबकाने धरून ठेवा. मान न हलवता पिता येतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा. पिशवी तोंडापेक्षा उंच असेल तर पाणी आपोआप ठिबकतं, म्हणून बंद करायची तोटी असलेली नळी घ्या. उन्हात नळीतलं पाणी चहासारखं तापतं, म्हणून पिऊन झालं की फुंकून पाणी परत पिशवीत ढकला. नळी मोकळी लोंबू देऊ नका, लोंबती नळी आज ना उद्या चाकाकडे जाते.

लिंबू-सरबत, कोकम, ओआरएस असं साखर-मिठाचं काहीही बाटलीतच. नळीत साखर गेली की बुरशी धरते आणि ती नळी धुणं हे वेगळंच व्रत होऊन बसतं. दाबून प्यायची मऊ बाटली घ्या. रेलून बसल्यावर कडक बाटली तोंडावर उपडी करावी लागते आणि रस्ता दिसेनासा होतो.

६. रेलून खाताना घास अडकण्याचा धोका असतो का?

भीती अनाठायी नाही, पण सावरता येते. सीट जितकी आडवी तितकी जास्त काळजी घ्या. घास तोंडात टाकताना डोकं सीटच्या उशीवरून उचला, हनुवटी थोडी छातीकडे आणा, नीट चावा आणि गिळून झाल्यावरच मागे टेका. चढावर धाप लागलेली असताना खाऊ नका. उतारावरही नको, तिथे दोन्ही हात ब्रेकवर हवेत. सपाट रस्ता, स्थिर वेग आणि मोकळा श्वास असेल तेव्हा खा.

चिवडा, भडंग, फुटाणे, सुटे शेंगदाणे हे चालता चालता नकोच. कोरडे, बारीक दाणे रेललेल्या घशात थेट मागे घरंगळतात. ते टपरीवर बसून, चहाबरोबर.

७. खायला न्यायचं काय? परदेशी एनर्जी जेल लागतातच का?

नाही लागत. लांब पल्ल्याला साधारणपणे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असं क्रीडा-आहाराचं सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २७ ग्रॅम असतात. खजुराच्या वजनाच्या साधारण पाऊण हिस्सा साखरच असते, म्हणजे बिया काढलेला ४० ग्रॅम खजूर खाल्ला की ३० ग्रॅम झाले. एक केळं आणि मूठभर खजूर यात तासाभराची सोय होते.

आता रिकंबंटचा भाग. पदार्थ एका हाताने, न बघता, एका घासात खाता आला पाहिजे. राजगिऱ्याची वडी उत्तम: हलकी, लगेच विरघळणारी, फक्त तुकडे आधीच करून ठेवा. शेंगदाणा चिक्की चांगली, पण घरीच नखाएवढी फोडा. पाऊण इंचाचा कडक तुकडा रेलून चावणं म्हणजे दातांची परीक्षा. कोकणात शिरलात की दमट हवेने गुळाची चिक्की चिकटते, तेव्हा तुकड्यांमध्ये बटर पेपर हवा. गूळपापडीची वडी पौष्टिक, मात्र भुगा पडतो आणि तो भुगा तुमच्याच छातीवर पडतो. दशमीला तूप-गूळ लावून तिची घट्ट गुंडाळी करा, एकेका घासाचे तुकडे कापा, प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळा आणि कागदाचं टोक पीळ न देता मोकळं सोडा. पीळ उलगडायला दुसरा हात लागतो, आणि तो हँडलवर आहे.

सगळं गोडच नेलं की चौथ्या तासाला तोंड फिरतं. एक तिखटमिठाची दशमी किंवा मेथीचा ठेपला ठेवाच. केळं आधी सोलून डब्यात नेऊ नका, काळं पडतं. देठाकडून थोडं चिरून ठेवलं की पुढे दातांनी सोलता येतं. चॉकलेट मार्च ते जून घरी राहू द्या. पेढा-बर्फी उन्हात बॅगेत ठेवून दुपारी खाऊ नका. खव्याचा भरवसा नाही.

८. सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लांब बॅगा दिसतात, त्या कशा असतात?

त्यांना साइड बॅग म्हणतात. केळ्यासारखा बाक असतो म्हणून काही जण बनाना बॅगही म्हणतात. नेदरलँड्समधली रॅडिकल डिझाइन आणि कॅनडातली आर्केल या रिकंबंटसाठी खास बॅगा करणाऱ्या माहितीतल्या कंपन्या. जोडी एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेली असते, पट्टे सीटच्या पाठीवरून जातात आणि बॅगा दोन्ही बाजूंना सीटच्या खाली-मागे बसतात. कॅरियर लागत नाही हा मोठा फायदा.

जाळीची सीट आणि कडक शेल सीट यांना पट्टे वेगळे लागतात. मागवण्याआधी सीटचा प्रकार आणि पाठीची रुंदी कळवा. या बॅगांचा पुढचा भाग काही सायकलींवर हाताच्या टप्प्यात येतो. तिथे जाकीट, सनस्क्रीन, पंक्चरचा डबा असं अधूनमधून लागणारं ठेवा. खाऊ तिथे ठेवू नये, तोंड फार मागे असतं.

९. साधे पॅनियर चालतील का?

कॅरियर असेल तर चालतील. साध्या सायकलवर पॅनियरला टाच लागण्याची तक्रार असते. इथे पाय पुढे असल्याने ती उद्भवतच नाही. मागचं चाक २० इंची असेल तर मात्र कॅरियर बुटकं असतं आणि मोठ्या पॅनियरचं बूड रस्त्याच्या फार जवळ येतं. आपल्या गावांतले स्पीड ब्रेकर कुठल्याही मापात बसत नाहीत, म्हणून उंचीने लहान पॅनियर घ्या. त्यांच्यात चालताना लागणारं काहीही ठेवू नका, तिथे हात पोचणार नाही.

१०. वजन कुठे ठेवायचं? मागे सगळं लादलं तर पुढचं चाक हलकं वाटतं.

वाटत नाही, होतंच. आखूड बांध्याच्या (दोन चाकांमधलं अंतर कमी असलेल्या) दोन चाकी रिकंबंटवर मागच्या चाकाच्याही मागे वजन गेलं की पुढचा भार कमी होतो. वरंधा किंवा कुंभार्ली घाटासारख्या चढावर ताशी सहा-सात किलोमीटरने चढताना हँडल भिरभिरायला लागतं. उपाय: जड वस्तू (हत्यारं, जास्तीचं पाणी, कुलूप, तंबूचे दांडे) सीटच्या खाली, दोन चाकांच्या मधे. एचपी वेलोटेक्निकच्या स्ट्रीट मशीनसारख्या सायकलींना सीटखाली बसणारं वेगळं कॅरियर मिळतं ते याचसाठी. मागे फुगीर पण हलकं सामान: कपडे, झोपायची पिशवी. लांब बांध्याच्या सायकलला हा त्रास फार कमी.

पुढे दोन चाकं आणि मागे एक अशा ट्राइकचं गणित निराळं. तिचे ब्रेक पुढच्या चाकांना असतात, जोरात दाबले की मागचं चाक उचलू पाहतं. मागे थोडं वजन असणं तिथे फायद्याचं, चढावर मागच्या चाकाची पकडही वाढते. पण वजन खाली हवं. कॅरियरवर उंच गाठोडं बांधून वळणावर वेगात शिरलात तर ट्राइकही कलंडते. तीन चाकं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं हे वेगळं सांगायला नको. एका बाजूला दोन लिटर पाणी आणि दुसरीकडे टॉवेल असं करू नका.

११. बॅग किंवा पट्टा चाकात, चेनमध्ये जाणार नाही ना?

जाऊ शकतो. रिकंबंटची चेन साध्या सायकलच्या दोन-तीन पट लांब असते, ती सीटखालून पुलीवरून किंवा नळीतून जाते. म्हणजे सीटखाली बांधलेली प्रत्येक वस्तू चेनची शेजारीण. बॅग बांधल्यावर मागचं चाक उचलून पॅडल उलटसुलट फिरवा, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, सस्पेन्शन असेल तर कोणाला तरी सीटवर जोराने बसवा. तीनही वेळा बॅग कुठेही टेकता कामा नये. सीटखालचं हँडल वळताना मोठी कमान घेतं आणि पहिल्यांदा कडेच्या बॅगेलाच अडतं. ही तपासणी भरलेल्या बॅगेसह करा, रिकामी बॅग फुगत नाही.

पट्ट्याची उरलेली शेपूट कापून टाका आणि टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या, किंवा गुंडाळून रबराने बांधा. सुटी बंजी दोरी शक्यतो टाळा.

१२. इथे शिवून घेता येतील का? आयात बॅगा परवडत नाहीत.

येतात, आणि माझ्या मते लहान बॅगा शिवूनच घ्याव्यात. प्रत्येकाचा हात आणि सीट वेगळी असते, तयार माप क्वचितच नेमकं बसतं. बॅगा दुरुस्त करणारा किंवा शाळेची दप्तरं शिवणारा कारागीर शोधा. कपड्यांच्या शिंप्याचं मशीन जाड थरांना दमतं.

आधी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना बनवा. तो सीटवर चिकटपट्टीने लावा, प्रश्न ३ मधली डोळे मिटायची चाचणी करा, कापा, परत लावा. नमुना पक्का झाला की तो घेऊन जा. तोंडी वर्णन करत बसू नका. ज्याने रिकंबंट पाहिलेलीच नाही त्याला ‘सीटच्या कडेला’ म्हणजे काय ते समजणार नाही. शक्य असेल तर सायकलच दुकानासमोर नेऊन उभी करा. मग गर्दी जमेल, पण बॅग बरोबर होईल.

कापड: बाजारात पॅराशूट कापड म्हणून मिळणारं नायलॉन, आतून लेप असलेलं. रेक्झिन जड आणि उन्हात तडकणारं, ते नको. पट्ट्यांसाठी दप्तराला वापरतात ती नायलॉनची बेल्टपट्टी. कडकपणासाठी सनपॅकची, म्हणजे पोकळ प्लास्टिकची, शीट: निवडणुकीनंतर फलकांची भरपूर पडून असते. ती कापडाच्या दोन थरांमध्ये सरकवायची, शिवायची नाही, म्हणजे धुताना काढता येते. पट्टा जिथे बॅगेला जोडला जातो तिथे चौकोन आणि त्यात फुलीची शिलाई मागा. बॅग फाटते ती नेहमी त्याच जागी.

१३. पावसाळ्यात काय?

पाऊस रिकंबंटवाल्याच्या थेट मांडीवर पडतो, म्हणजे पोटावरच्या बॅगेवरही. कापड कितीही चांगलं असो, झिपमधून पाणी शिरतंच. आत वेगळी पिशवी हवी. तोंड तीनदा दुमडून बंद करायच्या ड्राय बॅगा चांगल्या. नसतील तर दुधाच्या जाड पिशव्या धुऊन वापरा.

ट्राइकवर कडेच्या बॅगांना वरून येणाऱ्या पावसापेक्षा पुढच्या चाकांच्या चिखलाचा त्रास जास्त. मडगार्ड लावले नाहीत तर ताम्हिणी घाटातला लाल चिखल थेट खाऊच्या पिशवीत. उघड्या तोंडाच्या पिशवीच्या तळाला एक छोटं भोक ठेवा, साचलेलं पाणी निघून जाईल.

१४. बीआरएमला रिकंबंट चालते का? तिथे सामानाचं काय?

चालते. बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. गोंधळ होतो तो स्पर्धांच्या नियमांमुळे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने मोशे या फ्रेंच माणसाने बनवलेल्या रिकंबंटवर तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून विक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने असल्या सायकली स्पर्धांतून बाहेर काढल्या. बीआरएम ही शर्यत नाही, तिला तो नियम लागू नाही. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या अशाच मोठ्या राइडलाही रिकंबंट असतात.

२०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास मिळतात. मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी) भेटू शकते, मधलं सगळं तुमच्या बॅगेत. ब्रेव्हे कार्ड, म्हणजे कंट्रोलवर नोंद करून घ्यायचं कार्ड, प्लास्टिकच्या पाकिटात घालून पोटावरच्या बॅगेत ठेवा.

रात्री चमकणारं जाकीट सक्तीचं असतं, पण तुमची पाठ सीटने झाकलेली आहे, मागून येणाऱ्या ट्रकला ते दिसतच नाही. जाकीट नियमासाठी घालाच, आणि तेवढीच रुंद चमकती पट्टी सीटमागच्या बॅगेवर शिवा. मागचा दिवा बॅगेच्या कापडाला अडकवू नका. बॅग रिकामी झाली की तो आभाळाकडे बघतो. दिवा कॅरियरला किंवा फ्रेमला.

१५. हॉटेल, लॉज, जेट्टी अशा ठिकाणी बॅगा काढ-घाल कशी करायची?

सगळ्या काढूच नका. एकच बॅग अशी करा की ती दहा सेकंदांत निघेल, आणि मौल्यवान सगळं तिच्यात. बाकीच्या बांधलेल्याच राहू द्या. रिकंबंटभोवती गर्दी हमखास जमते. चोरीपेक्षा त्रास असतो तो कुतूहलाचा: पोरं झिपा उघडून बघतात, मोठी माणसं गिअर ओढतात. खाऊच्या पिशवीचं तोंड बंद करून उतरा, आणि बाहेर दिसेल अशा टेबलावर बसा.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींवर सायकल ढकलत न्यावी लागते. ओल्या उतारावर लांब सायकल वळवताना कडेच्या बॅगा कठड्याला घासतात, म्हणून उलट्या बाजूने धरा. गावातल्या होडीत उचलून ठेवायची वेळ आली तर आधी पाण्याची पिशवी काढा, सर्वात जड तीच असते.

१६. माझी सायकल पुढच्या चाकाने चालते, क्रूझबाइकसारखी. तिला वेगळं काही?

हो. अशा सायकलीत पॅडलचा अख्खा दांडा हँडलबरोबर वळतो. त्या दांड्यावर बॅग बांधली तर प्रत्येक वळणाला ती फिरवावी लागते आणि जड असेल तर हँडल एका बाजूला ओढतं. पुढे फोन आणि फार तर राजगिऱ्याच्या चार वड्या मावतील एवढीच पिशवी. उलट मागचं चाक मोकळं असल्याने मागे सामान लावायला चेनची अडचण नाही. मात्र चढावर पुढच्या चाकाला पकड हवी असते, त्यामुळे मागे किती लादायचं याची मर्यादा इथे प्रश्न १० पेक्षाही कडक.

१७. वडिलांना पक्षाघातानंतर डावा हात नीट वापरता येत नाही, मधुमेहही आहे. ते ट्राइक चालवतात. खाण्याची बॅग कुठे लावू?

चालत्या ट्राइकवर त्यांनी खाऊ नये, हे आधी. बऱ्याच ट्राइकवर डावा ब्रेक डाव्या चाकाचा आणि उजवा उजव्या चाकाचा असतो. एक हात पिशवीत असताना दुसऱ्याने ब्रेक दाबला तर गाडी त्या बाजूला ओढते. त्यांच्यासाठी एकाच लिव्हरने दोन्ही ब्रेक लागतील अशी जोडणी करून घ्या, तसे लिव्हर मिळतात आणि त्यातल्या काहींना पार्किंगची खिटीही असते. थांबायचं, खिटी लावायची, मग खायचं.

बॅग उजव्या हाताच्या बाजूला, सीटच्या कडेला. तोंड नाडीचं किंवा नुसत्या झाकणाचं, झिप नको. आत पाणी आणि दशमी काहीही असो, ग्लुकोजची पावडर किंवा गोळ्या त्यात मिसळू नका. त्यांचा वेगळा कप्पा हवा, ठळक रंगाचा, आणि तो कधीही बदलायचा नाही. साखर उतरते तेव्हा हात थरथरतात, नजर ठरत नाही. पाकीट आधीच अर्धं कापलेलं ठेवा. किती ग्लुकोज आणि केव्हा घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून त्याच कप्प्यात ठेवा, सोबत तुमचा फोन नंबर. रस्त्यात मदतीला येणारा माणूस आधी तोच कप्पा उघडेल.